दूरच्या कणाला धक्का न लावता

१९६२च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरी झेवियर विद्यापीठात एक छोटी परिषद भरली. विषय होता क्वांटम यामिकीचा पाया. जेझुइटांचं हे विद्यापीठ भौतिकशास्त्राच्या नकाशावर फारसं ठळक नव्हतं, पण टेबलाभोवती बसलेली माणसं मात्र एकेक शिखरं होती. पॉल डिरॅक होते. पुढच्याच वर्षी ज्यांना नोबेल मिळणार होतं ते यूजीन विग्नर होते. तरुण याकिर आहारोनोव्ह होता. अध्यक्ष होते तिथलेच प्राध्यापक बोरिस पोडोल्स्की, वय ६६. आणि इस्रायलमधल्या हैफाहून आले होते नेथन रोझेन.

ही शेवटची दोन नावं जोडीनं वाचली की भौतिकीच्या विद्यार्थ्याला तिसरं आपोआप आठवतं. १९३५ साली आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन या तिघांनी चार पानांचा एक शोधनिबंध लिहिला. आद्याक्षरांवरून तो आजही 'ईपीआर' म्हणून ओळखला जातो. १९६२मध्ये आइन्स्टाइन जाऊन सात वर्षं झाली होती. उरलेले दोघे सिनसिनाटीत एका खोलीत होते.

त्याच खोलीत ३१ वर्षांचा ह्यू एव्हरेट येऊन बसला. विद्यापीठाशी त्याचा संबंध उरलेला नव्हता. तो पेंटॅगॉनसाठी अण्वस्त्रांची गणितं करत होता. पाच वर्षांपूर्वी त्याने पीएच.डी.साठी एक सिद्धान्त मांडला होता, तो फार थोड्यांनी वाचला होता, आणि वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बाजूला ठेवला होता. इथे त्याला तो समजावून सांगायला बोलावलं होतं. त्याने सांगितलं. पोडोल्स्कींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की, विज्ञानकथावाल्यांना फार आवडणारी समांतर विश्वंच ही, दुसरं काय. मग त्यांनी विचारलं, म्हणजे मोजताही येणार नाहीत इतकी अनंत विश्वं होतील ना? एव्हरेट 'हो' म्हणाला.

या संवादाचा हाच भाग पुढे गाजला. 'किती विश्वं?' हा प्रश्न आहेच तसा, ऐकणाऱ्याचं डोकं गरगरवणारा. मला मात्र त्या खोलीतली वेगळीच गोष्ट चटका लावून जाते. एव्हरेटचा १९५७चा छापील निबंध जेमतेम नऊ पानांचा होता. त्यात त्याने जाता जाता एक दावा केला होता. आइन्स्टाइन, रोझेन आणि पोडोल्स्की यांनी मांडलेला पेच आपल्या मांडणीत सहज उलगडतो, असा. ज्यांचा पेच, त्यांच्यापैकी दोघे समोर बसले होते. या दाव्यात किती तथ्य आहे हे नीट तपासायला भौतिकीला पुढे जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

तो पेच काय होता हे कळायला थोडं मागे जावं लागतं, १९२७च्या ऑक्टोबरात, ब्रुसेल्सला. पाचव्या सॉल्व्हे परिषदेत आइन्स्टाइन उठून फळ्याकडे गेले आणि त्यांनी एक साधं चित्र काढलं. एका पडद्याला बारीक छिद्र, त्यातून इलेक्ट्रॉन जातो, पलीकडे अर्धगोलाकार फिल्म. सिद्धान्त सांगतो की इलेक्ट्रॉनची लाट छिद्रातून बाहेर पडून सगळ्या फिल्मभर पसरते. पण ठिपका उमटतो एकाच जागी. आइन्स्टाइन यांनी विचारलं, लाट सगळीकडे पोहोचलेली असताना ठिपका इथे उमटला हे दुसऱ्या टोकाला त्याच क्षणी कसं कळतं? तिथे दुसरा ठिपका का उमटत नाही? लाट हेच संपूर्ण वर्णन असेल तर अंतर ओलांडून क्षणात घडणारा काहीतरी चमत्कारिक परिणाम मानावा लागतो, आणि सापेक्षतेच्या सिद्धान्ताला तो मानवणारा नाही.

स्थानिकता म्हणतात ती हीच. इथे केलेल्या गोष्टीचा परिणाम इथून निघावा, वाटेतली जागा ओलांडावी, प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जाऊ नये. विहिरीत दगड टाकला तर काठापर्यंत लाट चालत जाते, तसं. आइन्स्टाइन यांचं सगळं शास्त्र या अपेक्षेवर उभं होतं. दूरवर झटक्यात पोहोचणाऱ्या परिणामाला त्यांनी १९४७ साली माक्स बॉर्न यांना लिहिलेल्या पत्रात भुताटकी म्हटलं.

१९३५चा निबंध याच शंकेचं धारदार रूप होता. एकमेकांशी संबंध येऊन दूर गेलेले दोन कण घ्या. एकावर मोजमाप केलं की दुसऱ्याबद्दल खात्रीनं सांगता येतं, त्याला हातही न लावता. मग दुसऱ्याजवळ ते उत्तर आधीपासूनच असणार, आणि क्वांटम यामिकी ते सांगत नसेल तर ती अपुरी आहे. निबंध छापून येण्याआधीच पोडोल्स्कींनी ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सला दिली, आणि ४ मे १९३५ला आइन्स्टाइन यांनी क्वांटम सिद्धान्तावर हल्ला चढवल्याचा मथळा झळकला. आइन्स्टाइन संतापले. पण खरी तक्रार त्यांनी जूनमध्ये श्रोडिंगर यांना पत्रातून कळवली. भाषेच्या अडचणीमुळे निबंध पोडोल्स्कींनी लिहिला आणि मूळ मुद्दा पांडित्याखाली गाडला गेला, अशी.

तो मूळ मुद्दा आइन्स्टाइन यांनी १९४८ साली 'डायलेक्टिका' या नियतकालिकात स्वतःच्या शब्दांत मांडला. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली तिथे आहे. त्यांच्या दोन मागण्या होत्या आणि त्या वेगळ्या धरायला हव्यात. पहिली: जागेने दूर असलेल्या दोन वस्तूंना आपापली स्वतंत्र स्थिती असावी. इथल्या वस्तूची ही, तिथल्या वस्तूची ती, आणि दोन्ही मिळून सगळं. दुसरी: इथे काही केलं तर तिथल्या वस्तूवर ताबडतोब परिणाम होऊ नये. आपण 'स्थानिकता' म्हणतो तेव्हा या दोन्ही मागण्या एका पिशवीत घालतो. पुढची बरीच भांडणं या सरमिसळीतून झाली आहेत.

आता एव्हरेटकडे वळू. १९४३ साली, बारा वर्षांचा असताना, त्याने आइन्स्टाइन यांना एक पत्र पाठवलं होतं. कशानेही न अडणारा जोर आणि कशानेही न हलणारी वस्तू एकमेकांवर आदळली तर काय, या जुन्या कोड्याबद्दल. आइन्स्टाइन यांनी उत्तर दिलं. असा जोर नसतो आणि अशी वस्तूही नसते, पण स्वतःच उभ्या केलेल्या विलक्षण अडचणींतून हट्टानं वाट काढणारा एक मुलगा मात्र दिसतो, अशा आशयाचं. किती नेमकं ओळखलं होतं त्यांनी त्याला!

हा मुलगा रसायन अभियांत्रिकी शिकून १९५३ साली प्रिन्स्टनला आला. पुढच्या वर्षी एका संध्याकाळी शेरीचे पेले रिकामे होत असताना चार्ल्स मिस्नर आणि नील्स बोर यांचा सहायक ओगे पेटरसन यांच्याशी वाद घालता घालता त्याला ती कल्पना सुचली. तिचा गाभा एका वाक्यात मावतो. क्वांटम लाट कशी बदलत जाते हे सांगणारं श्रोडिंगर यांचं समीकरण कधीच मोडत नाही. बोर यांच्या कोपनहेगनची शिकवण अशी होती की निरीक्षण होईपर्यंत लाट समीकरणाप्रमाणे वागते आणि निरीक्षणाच्या क्षणी अनेक शक्यतांमधून एक उरते. एव्हरेट म्हणाला, निरीक्षक काही आकाशातून पडलेला नाही. तोही अणूंचाच आहे, त्यालाही समीकरणात बसवा. बसवला की दिसतं असं: कण 'वर' आणि 'खाली' अशा मिश्र स्थितीत असेल तर मोजमापानंतर 'वर' पाहिलेला निरीक्षक आणि 'खाली' पाहिलेला निरीक्षक, दोन्ही समीकरणात उरतात. कोणी नाहीसा होत नाही.

१९५४ साली प्रिन्स्टनच्या एका व्याख्यानात आइन्स्टाइन म्हणाले होते की, एखाद्या उंदराने नुसतं पाहिलं म्हणून विश्वात मोठा बदल घडतो यावर आपला विश्वास बसत नाही. एव्हरेटने हा उंदीर आपल्या प्रबंधात आणला आणि त्याला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं की पाहण्याने विश्वाला काही होत नाही, जे काही होतं ते उंदराला. पाहणारा पाहिलेल्या वस्तूशी जोडला जातो आणि बदल पाहणाऱ्यात होतो, जिथे तो बसलाय तिथे.

हे उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. स्थानिकतेचा सगळा प्रश्न त्यात उलटा करून ठेवला आहे. मोजमापाचा परिणाम वस्तूवर होतो असं धरलं की दूरच्या जोडीदार कणापर्यंत तो कसा पोहोचतो, ही पंचाईत उभी राहते. तो मोजणाऱ्यावर होतो असं धरलं की कुठे पोहोचायचंच नसतं.

१९५६च्या सुरुवातीला प्रबंधाचा मोठा मसुदा तयार झाला. मार्गदर्शक जॉन व्हीलर बोर यांचे भक्त. ते मसुदा घेऊन कोपनहेगनला गेले आणि तिथे त्यांना नापसंतीच मिळाली. मग काटछाट सुरू झाली. १९५७ साली 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स'मध्ये जे छापून आलं ती नऊ पानं. उंदीर त्यात राहिला नाही. ईपीआरबद्दलचं विधान मात्र राहिलं: गुंतलेल्या पण एकमेकांवर क्रिया न करणाऱ्या दोन वस्तूंपैकी एकीवर निरीक्षण केल्याने दुसरीवर, म्हणजे तिथल्या निरीक्षकाला मिळू शकणाऱ्या निकालांवर, काहीही परिणाम होत नाही. १९५९च्या मार्चमध्ये एव्हरेट स्वतः बोर यांना भेटायला कोपनहेगनला गेला. भेट सपशेल फसली. तिथल्या हॉटेल ओस्टरपोर्टमध्ये बसून, हॉटेलच्याच कागदावर, त्याने साधनसामग्रीच्या वाटपाच्या गणिताची एक नवी रीत लिहून काढली. तीच पुढे त्याचं पोट भरणार होती. भौतिकीला त्याने आधीच रामराम ठोकला होता.

त्याचं ते विधान खरं आहे का, हे जवळून पाहू. त्यासाठी सिनसिनाटीतल्याच दोघांना कामाला लावतो. समजा, एक कण रोझेन यांच्याकडे हैफाला गेला आणि त्याचा जोडीदार पोडोल्स्कींकडे सिनसिनाटीला. दोघे एकाच दिशेने स्पिन, म्हणजे कणाची अंगभूत फिरकी, मोजणार. कण असे गुंतलेले आहेत की एक 'वर' निघाला तर दुसरा 'खाली'. दोघांकडे एकेक वही.

रूढ शिकवणीप्रमाणे रोझेन यांनी मोजलं, 'वर' आलं, आणि त्याच क्षणी हजारो मैलांवरचा अनिश्चित कण निश्चित 'खाली' झाला. हीच ती भुताटकी. एव्हरेटच्या मांडणीत रोझेन यांनी मोजलं आणि हैफात दोन शाखा झाल्या. एकीत वहीवर 'वर', दुसरीत 'खाली'. सिनसिनाटीत काय झालं? काहीच नाही. पोडोल्स्की, त्यांचं टेबल, त्यांचा कण, सगळं जसंच्या तसं. त्यांनी मोजलं तेव्हा त्यांच्या जागी दोन शाखा झाल्या. मग रोझेन विमानात बसून, प्रकाशापेक्षा पुष्कळ हळू, सिनसिनाटीला आले आणि वह्या टेबलावर शेजारी ठेवल्या. 'वर' लिहिलेले रोझेन 'खाली' लिहिलेल्या पोडोल्स्कींनाच भेटतात, आणि उलट. वह्या जुळल्या की नाही, हा प्रश्न भेटीच्या आधी कुणापुढे उभाच नव्हता. भेट एका जागी झाली आणि जुळणीही तिथेच दिसली.

हे ऐकून कोणी म्हणेल, एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला? दोन कणांच्या खिशात जन्मतःच एकमेकांविरुद्ध चिठ्ठ्या घातल्या होत्या असं मानलं की झालं. आइन्स्टाइन यांचा कल तिकडेच होता. हा दरवाजा १९६४ साली बंद केला जॉन बेल यांनी. बेलफास्टच्या साध्या घरातला हा माणूस सर्नमध्ये कणत्वरकांचं काम करायचा, आणि क्वांटमच्या पायाचा विचार फावल्या वेळात. त्या वर्षी तो रजेवर अमेरिकेत होता. 'फिजिक्स' नावाच्या, लवकरच बंद पडलेल्या एका नियतकालिकात त्याने सहा पानांचा निबंध छापला.

बेलची युक्ती समजायला फार गणित लागत नाही. मोजण्याच्या तीन दिशा घ्या, एकमेकींपासून १२० अंशांवर. सोयीसाठी पोडोल्स्कींच्या वहीत 'वर' आणि 'खाली'ची अदलाबदल करू, म्हणजे दोघांनी एकच दिशा निवडली तर वह्या नेहमी सारख्या निघतील. आता प्रत्येक कणाच्या खिशात चिठ्ठी असेल तर तिच्यावर तिन्ही दिशांची उत्तरं लिहिलेली हवीत, कारण पलीकडचा कुठली दिशा निवडेल हे कणाला ठाऊक नाही. जागा तीन आणि उत्तरं दोनच, तेव्हा निदान दोन जागी तेच उत्तर येणार. म्हणून दोघांनी वेगवेगळ्या दिशा निवडल्या तर वह्या सरासरीने निदान तीनात एकदा जुळायलाच हव्यात. क्वांटम यामिकी सांगते चारात एकदा. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांच्यातली ही फट चिठ्ठ्यांच्या कुठल्याही योजनेने बुजत नाही.

प्रयोगांनी कौल क्वांटमच्या बाजूने दिला. १९७२ साली बर्कलीत क्लाउझर आणि फ्रीडमन, १९८२ साली ओर्से इथे आलाँ आस्पे आणि त्याचे सहकारी. २०१५ साली डेल्फ्टमध्ये १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधले इलेक्ट्रॉन गुंतवून केलेल्या २४५ फेऱ्यांच्या प्रयोगाने आधीच्या प्रयोगांत राहिलेल्या मोठ्या पळवाटाही एकदम बंद केल्या. क्लाउझर, आस्पे आणि त्सायलिंगर यांना २०२२चं नोबेल याच कामासाठी मिळालं. तेव्हा वर्तमानपत्रांत सर्रास छापून आलं की निसर्ग स्थानिक नाही हे सिद्ध झालं.

इथे घाई झाली. बेलच्या निबंधातलं पहिलंच समीकरण पाहा. इथल्या मोजमापाचा निकाल अधिक एक किंवा उणे एक, तिथल्याचाही तसाच. म्हणजे प्रत्येक मोजमापाला एक आणि एकच निकाल असतो हे गृहीत तिथे पहिल्या ओळीतच बसलं आहे, इतकं उघड की कुणी त्याला गृहीत म्हणून मोजतही नाही. एव्हरेट नेमका तेच मानत नाही. त्याच्याकडे हैफातही दोन्ही निकाल आहेत आणि सिनसिनाटीतही. वेगवेगळ्या दिशा निवडल्या तर वह्यांच्या चारही जोड्या कुठल्या ना कुठल्या शाखेत जमतात. फक्त शाखांचं वजन सारखं नसतं, आणि ते वजन चारात एकदाचा हिशेब बिनचूक पाळतं. बेलचा सिद्धान्त अभंग राहतो आणि एव्हरेटला लागू होत नाही. (शाखेचं 'वजन' म्हणजे संभाव्यता कशी, हा एक मोठा वाद आहे. त्यात शिरलो तर हा लेख दुसराच होईल.)

मग हे चटकन लोकांच्या ध्यानात का आलं नाही? याचा बराचसा दोष, माझ्या मते, ज्याने एव्हरेटला विस्मृतीतून बाहेर काढलं त्याच्या लेखणीकडे जातो. ब्राइस डीविट यांनी १९७० साली 'फिजिक्स टुडे'मध्ये एव्हरेटचा सिद्धान्त मोठ्या जोमाने मांडला. १९७३ साली एव्हरेटचा मूळ मोठा मसुदा छापला तोही त्यांनीच. 'अनेक विश्वं' हे नाव त्यांनीच रूढ केलं. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांनी रंगवलेलं चित्र असं होतं की कुठल्याही ताऱ्यात, कुठल्याही दीर्घिकेत, विश्वाच्या कुठल्याही कोपऱ्यात एखादी क्वांटम उडी पडली की इथल्या आपल्या जगाच्या असंख्य प्रती निघतात. दूर कुठे काही घडलं आणि इथे मी फाटलो! स्थानिकतेचा याहून मोठा भंग कोणता? वाचकांच्या मनात हेच चित्र बसलं. खुद्द समीकरण असं काही सांगत नाही. फूट घडते ती वस्तू एकमेकींच्या संपर्कात येतात तिथे. मग प्रकाशाचा किरण, हवेचा रेणू, बोललेला शब्द यांच्यामार्फत ती पसरत जाते, आणि प्रकाशाच्या वेगाची मर्यादा कधी ओलांडत नाही. शाखा वेगळ्या कशा होतात याचा पाया डीविट यांच्याच वर्षी, १९७० साली, हायडेलबर्गमध्ये डीटर त्से यांनी घातला होता. पण 'विश्व फुटतं' हे वाक्य 'फूट चालत चालत पसरते' यापेक्षा जास्त लक्षात राहतं.

१९८२ साली डॉन पेज यांनी एक छोटा निबंध लिहून ईपीआरला थेट उत्तर दिलं, एव्हरेटच्या बाजूने. त्याच वर्षी जुलैत एव्हरेट गेला. ५१ वर्षांचा होता. आणि बेल? त्यांना अनेक विश्वांचा हा पसारा कधीच रुचला नाही, तो त्यांना उधळपट्टी वाटायचा. तरीही ऐंशीच्या दशकात एका नोबेल परिसंवादात त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की ईपीआरच्या कोड्याबद्दल या मांडणीला काहीतरी वेगळं सांगायचं आहे, आणि तिचं नेमकं रूप कोणीतरी तयार करून ते खरंच तसं आहे का, हे पाहायला हवं. जो सिद्धान्त आवडत नाही त्याच्याबद्दलही अशी दाद देणारी माणसं शास्त्रात थोडी असतात. बेल १९९०मध्ये अचानक गेले.

नेमकं रूप तयार करण्याचा सर्वांत धीट प्रयत्न झाला २००० साली. डेव्हिड डॉइच तरुणपणी, १९७७ साली ऑस्टिनला, एव्हरेटला प्रत्यक्ष भेटला होता. त्याने पॅट्रिक हेडनसोबत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवलं की हायझेनबर्गची जुनी पद्धत वापरली तर प्रत्येक कणाला त्याचं स्वतःचं, त्याच्या जागीच असलेलं वर्णन देता येतं. त्या वर्णनात कण कुणाकुणाला भेटला याची नोंद असते. ती फक्त प्रत्यक्ष संपर्कातूनच बदलते आणि सगळ्या नोंदी एकत्र केल्या की सगळ्या विश्वाची स्थिती मिळते. हैफातली वही आपली नोंद घेऊन विमानात बसते. ती नोंद एकट्या वहीकडे पाहून वाचता येत नाही. दुसरी वही शेजारी आली की वाचता येते.

हे खरं असेल तर आइन्स्टाइन यांच्या दोन्ही मागण्या एकदम पुऱ्या होतात. इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण आक्षेपही तितकेच प्रामाणिक आहेत. ख्रिस टिम्प्सन यांनी दाखवलं की डॉइच आणि हेडन यांच्या वर्णनांमध्ये असे फरक राहतात जे कुठल्याही प्रयोगाला कधीच दिसणार नाहीत. स्थानिकता वाचवायला न दिसणारी भर घातली, असं म्हणायला तिथे जागा आहे. डेव्हिड वॉलेस एव्हरेटचेच खंदे पुरस्कर्ते, पण ते सावधपणे सांगतात की क्रिया स्थानिक आहेत, स्थिती मात्र तुकड्यातुकड्यांनी सांगता येत नाही. हैफाचं वर्णन आणि सिनसिनाटीचं वर्णन शेजारी ठेवलं तरी दोघांमधलं गुंतलेपण त्या बेरजेत येत नाही. आणखी एका गटाने, त्यात शेल्डन गोल्डस्टाइन आणि वालिया अलोरी आहेत, २०११ साली मूळ प्रश्नच वेगळा लावला. या सिद्धान्तात तीन मितींच्या जागेत नेमकं काय आहे ते आधी सांगा, मग तो स्थानिक आहे की नाही ते ठरवू. त्यांनी जागेत द्रव्याची घनता मांडून पाहिली, आणि त्या मांडणीत अनेक विश्वं असूनही सिद्धान्त स्थानिक निघाला नाही.

हे सगळं वाचून माझं मत वॉलेस यांच्या बाजूला झुकतं, आणि ते आइन्स्टाइन यांच्या १९४८च्या दोन मागण्यांमधूनच झुकतं. ताबडतोब होणारा दूरचा परिणाम नको, ही मागणी एव्हरेट पुरी करतो. एकच निकाल मानणारी आणि प्रयोगांशी जुळणारी जी मांडणी घ्यावी, तिला हे जमत नाही. उदाहरणार्थ डेव्हिड बोम यांची १९५२ची मांडणी दूरच्या धक्क्यावरच चालते आणि तसं उघड सांगते. पण दूरच्या वस्तूंना आपापली स्वतंत्र स्थिती हवी, ही पहिली मागणी एव्हरेटच्या साध्या, जादा भर न घातलेल्या सिद्धान्तात पुरी होत नाही. दोन कण एकत्र जन्मले तेव्हा त्यांच्यात जे गुंतलं ते अंतराने सुटत नाही. ते कुणी पाठवत नाही, ते कुठून कुठे जात नाही, ते दोघांत मिळून आधीपासून आहे. श्रोडिंगर यांनी १९३५ साली, ईपीआर वाचूनच, या गोष्टीला नाव दिलं आणि म्हटलं की क्वांटम यामिकीचं सगळं वेगळेपण यातच आहे.

आइन्स्टाइन यांना हे अर्धं दान चाललं असतं का? विश्वांची गर्दी त्यांना बहुधा आवडली नसती. पण प्रिन्स्टनमध्ये त्यांच्या शेवटच्या दीड वर्षांत, एकाच गावात, एक हट्टी विद्यार्थी त्यांच्या उंदराचा विचार करत होता. त्याला त्यांनी बाराव्या वर्षी पत्राचं उत्तर दिलं होतं.

सिनसिनाटीच्या परिषदेचं इतिवृत्त टंकलिखित होऊन मोजक्या लोकांकडे राहिलं आणि कित्येक वर्षं सर्वांना खुलं नव्हतं. पोडोल्स्की १९६६ साली त्याच शहरात वारले. रोझेन हैफात १९९५पर्यंत जगले, म्हणजे आस्पेचे प्रयोग आणि पेजचा निबंध दोन्ही होऊन गेल्यावरही बरीच वर्षं. एव्हरेटचे कागदपत्र त्याच्या मुलाच्या घराच्या तळघरात खोक्यांमध्ये पडून होते. २००७ साली एका चरित्रकाराने ती खोकी उघडली.